आउदकास्टरच्या मागच्या खिडक्या

आउदकास्टरमध्ये परसात खणायचं असेल तर दोन मार्ग आहेत. पहिला सरकारी. अर्ज करायचा, मग पुरातत्त्व खात्याची माणसं येतात, दोऱ्या बांधतात, कुंचल्याने माती झाडत बसतात आणि स्वयंपाकघराच्या दारापासून कुंपणापर्यंतची तुमची जागा दोन-दोन वर्षं त्यांची होऊन जाते. दुसरा मार्ग गावाचा. रविवारी दुपारी खणायचं, जे लागेल ते फोडायचं आणि अंधार पडायच्या आत काँक्रीट ओतून मोकळं व्हायचं. गावात याला 'बटाटे काढणं' म्हणतात. बटाटे अजून लावलेलेही नसतात तेव्हासुद्धा.

समुद्राकडून येणाऱ्या लुटारूंवर नजर ठेवायला कुणा रोमन सेनापतीला छावणीसाठी नेमकी हीच वाळूची उंच पट्टी सापडली, हा काही गावाचा दोष नाही. छावणी गेली, तिच्या तटाचे दगड ब्रुज शहराच्या लोकांनी गाड्या भरभरून नेले आणि उरलेल्यावर गाव बसलं. आता फावडं मारावं तिथे कौल लागतं, मडकं लागतं, नाहीतर एखाद्या शिपायाची कवटी हसत वर येते. चौकात शिपायाचा पुतळा आहे, दर उन्हाळ्यात पितळी शिरस्त्राणं घालून मिरवणूक निघते. गावाला आपल्या रोमन शिपायाचा भारी अभिमान. तो आपल्या परसात निघू नये, एवढंच प्रत्येकाचं मागणं.

म्हणून गावाने एक रीत पाडून घेतली. शेजारी बटाटे काढायला लागला की आपण मागच्या खिडक्यांची शटर खाली घ्यायची. टीव्ही मोठा करायचा. दाराची घंटा वाजली तरी उठायचं नाही. उद्या कुणी चौकशीला आलंच, तर 'आम्ही काही पाहिलं नाही, काही ऐकलं नाही' हे खरंखुरं सांगता यावं. इथल्या माणसाला खोटं बोलायचा मनापासून तिटकारा. न बघण्याचा मात्र अजिबात नाही. आणि याला कुणी भित्रेपणा म्हणत नाही हं, शेजारधर्म म्हणतात. लिओनी व्हरहेयगं तर तटाच्या गल्लीत या धर्माची सगळ्यात पक्की. फावड्याचा पहिला आवाज आला की तिचा हात शटरच्या पट्ट्यावर.

लिओनी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. नवरा सिरील फरशा बसवायचा, गुडघे झिजलेला, थट्टेखोर माणूस. मुलगी एकच, कात्रीन. मागच्या सप्टेंबरात ती मोपेडवरून घसरली आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. तेव्हापासून घेंटच्या इस्पितळात होती. ईस्टरनंतर घरी न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण खालच्या मजल्यावर न्हाणीघर असेल तरच. नसेल तर अपंगांच्या वसतिगृहात. कात्रीनने वसतिगृह एकदा पाहून घेतलं होतं. फोनवर ती एवढंच म्हणाली होती, "आई, तिथे सगळे साठीच्या पुढचे आहेत. मी तेवीस वर्षांची आहे गं." त्यानंतर लिओनीला शाळेत कांदे चिरताना डोळ्यातल्या पाण्याचं कारण कुणाला सांगावं लागलं नाही.

न्हाणीघर बांधणं सिरीलच्या डाव्या हातचा मळ. पण त्याचं सांडपाणी जाणार कुठे? गल्लीची गटारं वर आणि घर खाली. परसात टाकी पुरणं भाग होतं, आणि टाकीला माणूस बुडेल एवढा खोल खड्डा. सरकारी मार्गाने जायचं तर कात्रीनला दोन वर्षं वसतिगृह. तेव्हा ठरलं ते ठरलं. एप्रिलमधला सायकल शर्यतीचा रविवार निवडला. त्या दिवशी अख्खा फ्लांडर्स प्रांत दुपारभर टीव्हीसमोर बसलेला असतो, सरकारी माणसंसुद्धा. आदल्या संध्याकाळी सिरीलने कुंपणावरून फिर्मिनला सांगितलं, उद्या बटाटे काढतोय. फिर्मिन शेजारचा, नळजोडणीचं काम करणारा, वीस वर्षांचा दोस्त. तो आभाळाकडे बघून म्हणाला, हवा छान आहे. बोलणं एवढंच, पण सकाळी कुंपणाला त्याचा पाणी उपसायचा पंप टेकवून ठेवलेला होता.

दुपारी जेवणं झाली आणि मागच्या खिडक्यांची शटर एकेक करून खडखडत उतरली. लिओनीला तो आवाज ऐकून बरं वाटलं. सगळी गल्ली आपल्या पाठीशी उभी आहे, असं तिला वाटलं.

भाड्याने आणलेल्या छोट्या यंत्राने सिरीलने भराभर खणलं. माणूसभर खोल गेल्यावर यंत्राचा दात कशावर तरी करकरला. तो वाकून बघायला लागला आणि त्याने कपाळाला हात लावला. भिंत होती. गारगोट्या आणि चुन्याची, हातभर जाड, खड्ड्याच्या एका बाजूने आडवी गेलेली. बाहेरचे घडीव दगड जुन्या काळीच कुणी काढून नेलेले, आतला गाभा तेवढा उरलेला.

"निघाला की नाही मेला!" तो म्हणाला. "सतराशे वर्षं वाट बघत बसलाय माझ्या टाकीच्या जागी."

लिओनी म्हणाली, जागा बदल, कुंपणाकडे सरक. पण कुंपणाकडे चढ होता, पाइपाला उतार मिळाला नसता. यंत्राने भिंत फोडली असती तर आवाज चौकापर्यंत गेला असता. मग तो पहार घेऊन खाली उतरला. भिंतीच्या पायातली वाळू काढायची, म्हणजे ती आपणहून बसेल, असा त्याचा हिशेब. आयुष्यभर फरशा बसवलेला माणूस, जमिनीच्या वरचं त्याला सगळं कळत होतं. इथली वाळू खाली ओली असते आणि भिंत पायातून सुटली की कुठे बसायचं ते कुणाला विचारत नाही.

लिओनी कॉफीचा कप घेऊन दारात आली तेव्हा एक जड, दबका आवाज झाला. धावून गेली तर भिंतीचा एक मोठा तुकडा कलंडला होता आणि सिरील कमरेपर्यंत वाळूत गाडला गेला होता. तो तुकडा त्याच्या मांड्यांवर असावा. चेहरा पांढराफटक, पण ओठांवर हसू ठेवलेलं.

"घाबरू नकोस. पाय अडकलेत फक्त."

ती फोनकडे वळली तसा तो खालून ओरडला. ओरडला म्हणजे, जेवढं ओरडता आलं तेवढं.

"अग्निशमनवाल्यांना नको. ते आले की गाव येतं आणि उद्या सकाळी खातं येतं. कात्रीनचं काय मग? फिर्मिनला बोलाव. हळूच. तो आणि त्याचा वजन उचलायचा जॅक, दहा मिनिटांचं काम आहे. आणि बोंबलू नकोस, बाई."

तिने ऐकलं. पुढे ती याचा विचार करकरून वेडी व्हायची वेळ आली, पण त्या क्षणी तो म्हणत होता ते तिला पटलं. कुंपणातल्या फटीतून ती फिर्मिनच्या परसात शिरली आणि त्याच्या शटरवर बोटांच्या सांध्यांनी टकटक केली. आतून शर्यतीचं धावतं वर्णन ऐकू येत होतं. तिने पुन्हा, जरा जोराने ठोकलं. दबक्या आवाजात हाक मारली, "फिर्मिन. अरे फिर्मिन, मी आहे." आतला टीव्ही आणखी मोठा झाला.

ती गल्लीकडून पुढच्या दाराशी गेली. घंटा दाबली, दाबून धरली. पडद्यामागे फिर्मिनची बायको इव्हेटची सावली हलली आणि मागे सरली. लिओनीला सगळं कळत होतं, हेच तर वाईट होतं. आत ते दोघं काय म्हणत असतील ते तिला शब्दन् शब्द माहीत होतं. तिने आणि सिरीलने सोफ्यावर बसून तेच म्हटलं होतं कितीदा तरी. उघडू नकोस, त्यांना काही हवं असेल तर घेतील कुंपणावरून, आपण पाहिलेलं नाही.

दुसऱ्या बाजूला ब्लोमे मास्तर. निवृत्त, एकटे, गावच्या इतिहास मंडळाचे अध्यक्ष. मिरवणुकीत सगळ्यात मोठं शिरस्त्राण त्यांचं. पण बटाट्यांच्या दिवशी तेही शटर ओढायचे, आणि या गोष्टीसाठी गल्लीत त्यांना मान होता. लिओनीने त्यांची घंटा वाजवली. बऱ्याच वेळाने दारातली पत्रं टाकायची झडप वर झाली.

"लिओनी, हे बघ, मला काही सांगू नकोस," झडपेतून मास्तर म्हणाले. "मला कळलं तर मला कळवावं लागतं. तुला ठाऊक आहे."

"मास्तर, दार उघडा. ती भिंत—"

'भिंत' हा शब्द ऐकला आणि झडप पटकन बंद झाली. पावलं जिन्यावरून वर गेली. तिने सबंध वाक्य एका दमात सांगायला हवं होतं, सिरील खाली आहे, असं आधी म्हणायला हवं होतं. पण बोंबलू नकोस असं तो म्हणाला होता आणि गल्लीच्या टोकाला सायकलीवर दोन परकी माणसं उभी होती. तिने आवाज गिळला. मग समोरच्या घरी गेली, त्याच्या पुढच्या घरी गेली. समोरच्या घरांना इकडचं परसही दिसत नव्हतं, पण यंत्र तर सगळ्या गल्लीने ऐकलेलं. कुणीही दार उघडलं नाही. रविवारच्या उन्हात सगळी गल्ली स्वच्छ आणि मुकी पडली होती, आणि प्रत्येक घरातून एकच माणूस एकाच उत्साहाने कुणीतरी कुणाला तरी मागे टाकल्याचं सांगत होता.

परत आली तेव्हा वाळू आणखी घसरली होती. आता ती सिरीलच्या छातीपर्यंत आली होती आणि खालून पाणी पाझरत होतं. तिने फिर्मिनचा पंप चालू करून पाहिला. तो दोनदा खोकला आणि वाळूने गच्च झाला. ती खड्ड्यात उतरली, हातांनी वाळू उपसायला लागली. एक ओंजळ काढावी तर दोन ओंजळी खाली येत. सिरीलचा श्वास तोकडा झाला होता. तो आता थट्टा करत नव्हता, आणि लिओनीला खरी भीती वाटली ती तेव्हा.

"कुणी आलं नाही?" त्याने विचारलं.

"येतायत."

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिला खोटं बोलता येत नाही हे त्याला लग्नाआधीपासून माहीत होतं.

मग ती किंचाळली. सिरील काय म्हणेल, खातं काय करेल, सगळं गेलं चुलीत. खड्ड्याच्या काठावर उभी राहून तिने फिर्मिनला, इव्हेटला, मास्तरांना, देवाला, ज्याला त्याला हाका मारल्या. मेला म्हणाली, मरतोय म्हणाली, या म्हणाली. पण शर्यत शेवटच्या चढावर आली होती. घराघरातून लोक ओरडत होते आणि तिचं ओरडणं त्यात मिसळून गेलं. तिच्या घशातून रक्त यायचं बाकी राहिलं. इतकी माणसं इतक्या जवळ आणि एकही नाही, याचा तिला भयंकर संताप आला. संताप करायलाही वेळ नव्हता.

ती धावत आत गेली आणि अग्निशमनाचा शंभर नंबर फिरवला. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, माणसं निघतायत, तुम्ही त्यांच्याशी बोलत राहा.

आउदकास्टरची अग्निशमन तुकडी म्हणजे काही कुठून दुरून येणारी माणसं नव्हेत. बेकरीवाला, शाळेचा चौकीदार, टपालवाला, फिर्मिन. प्रत्येकाच्या कमरेला पेजर. तो वाजला की असेल तिथून उठायचं, गावाबाहेरच्या ठाण्यावर जायचं, कपडे चढवायचे, गाडी काढायची, आणि कुठे जायचं ते तिथे कळायचं. लिओनी परसात परतली तेव्हा तिला फिर्मिनच्या बंद शटरमागून पेजरची पिपाणी स्पष्ट ऐकू आली. टीव्ही पटकन बंद झाला. खुर्ची सरकली. फिर्मिन तिच्यापासून एका भिंतीच्या अंतरावर होता. कुंपणावरून उडी मारली असती तरी पोचला असता.

"फिर्मिन! इथे! इथेच!" ती ओरडली. पण पुढचं दार आपटल्याचा आवाज झाला होता.

ती घरातून पळत गल्लीत आली. फिर्मिन सायकलवर बसला होता, एक पाय पायडलवर, जॅकेटची एक बाही लोंबत. तिला बघून त्याने हात वर केला.

"नंतर, लिओनी. कॉल आलाय," तो म्हणाला आणि उठून उभा राहून पायडल मारत निघाला.

ती त्याच्या मागे धावली. तिच्या तोंडातून हवाच निघाली, आवाज आधीच संपवून बसली होती. पुढच्या घरातून टपालवाला निघाला, तोही सायकलवर, तोही त्याच दिशेने. दोघे जिवाच्या आकांताने तिच्या नवऱ्याला वाचवायला तिच्या नवऱ्यापासून लांब चालले होते.

ती परत खड्ड्यात उतरली. वाळू त्याच्या खांद्यांपर्यंत आली होती. तिने त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं. बोलत राहा, असं त्या बाईने सांगितलं होतं, पण काय बोलावं ते सुचेना. ती म्हणाली, फिर्मिन येतोय. आणि ते खरं होतं.

"त्याला सांग," सिरील म्हणाला. एकेका शब्दाला त्याला थांबावं लागत होतं. "पाइपाला उतार. जरा जास्त ठेव."

"तूच सांग."

"आणि तिचा दरवाजा. रुंद."

त्याने आणखी काही म्हटलं नाही. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की तिच्या तळहातांत नुसतं ओझं आहे. ती तशीच बोलत राहिली. सांगितलं होतं ना, म्हणून.

गाडी आली. हेल्मेट, बूट, दोर घेतलेली माणसं स्वयंपाकघरातून आत आली आणि सगळ्यांत पुढे फिर्मिन होता. ठाण्यावर पत्ता ऐकला तेव्हाच त्याचा चेहरा उतरला असणार, पण खड्ड्याच्या काठावर तो असा काही थांबला की मागचा माणूस त्याच्यावर आदळला. मग त्यांनी काम केलं. फळ्या लावल्या, वाळू रोखली, भिंतीचा तुकडा उचलला आणि सिरीलला वर काढलं. सगळं नीट, सगळं पटापट. जवळच्या गावाहून आलेल्या डॉक्टरने त्याला तपासलं आणि मान हलवली. त्याला स्वयंपाकघरात आणून ठेवलं, ओट्याखाली, कारण दुसरीकडे कुठे जागा नव्हती.

लिओनी परसात उभी होती. कुणीतरी तिच्या खांद्यावर पांघरूण घातलं. फिर्मिन हेल्मेट हातात घेऊन तिच्यासमोर आला.

"तू माझं ठोकणं ऐकलंस?" तिने विचारलं. घसा बसला होता.

"ऐकलं."

"मग?"

फिर्मिन रडत नव्हता. रडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"मला वाटलं, आवाज बाहेर येतोय का ते तू विचारायला आलीयेस," तो म्हणाला. "तुला काळजी वाटू नये म्हणून मी टीव्ही मोठा केला, लिओनी. म्हटलं, तिला कळेल, आम्ही ऐकत नाही आहोत."

ती त्याला मारणार होती. हात उचललाही होता. पण तिने तरी दुसरं काय केलं असतं? तिनेही आवाजच वाढवला असता. हात खाली आला आणि ती पायरीवर बसली.

माणसं अवघडून उभी होती. खड्ड्यात रोमन भिंत अजून उघडी होती, ताज्या मोडलेल्या कडेसकट. शेजारच्या गावाहून पोलीस निघाले होते. ते फोटो काढणार, भिंत दिसणार, खात्याला कळवणार. मग परस बंद आणि घराची मागची बाजूही बंद. फिर्मिनने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. ब्लोमे मास्तर कॉफीची किटली घेऊन आले होते. त्यांनी खड्ड्यात नजर टाकली आणि चटकन मान फिरवली.

"कात्रीन ईस्टरनंतर येणार आहे ना?" फिर्मिन हलकेच म्हणाला. "पोलिसांना सांगू, जुनी विहीर साफ करत होता. भिंतीवर वाळू ओढली तर काही दिसणार नाही. टाकी आम्ही बसवू. न्हाणीघर आम्ही बांधू. तू हो म्हण फक्त."

लिओनीने खड्ड्याकडून तोंड फिरवलं. आणि त्याच वेळी तिला फोनवरचा तो आवाज आठवला, मी तेवीस वर्षांची आहे गं. सिरील गेला तो त्यासाठीच. आता सरकारी दोऱ्या बांधल्या गेल्या तर तो फुकटच गेला. तिने मान हलवली.

टपालवाल्याने पहिलं फावडं मारलं. बघता बघता भिंत दिसेनाशी झाली. माणसं फार हुशार असतात कामाच्या वेळी.

पोलीस दोन होते. त्यातला वयस्कर सौम्य माणूस होता, त्याने आधी टोपी काढली. त्याने फिर्मिनला विचारलं, तुम्ही तर अगदी शेजारी राहता, काही ऐकलं का. फिर्मिन म्हणाला, शटर खाली होती, शर्यत चालू होती. इव्हेट म्हणाली, आम्ही काही ऐकलं नाही. मास्तर म्हणाले, मी वरच्या मजल्यावर होतो. आजवर कुणाला खोटं बोलावं लागलं नव्हतं. आज लागलं, आणि तिच्यासाठी म्हणून त्यांनी ते केलं. बोलताना ते पोलिसाकडे नाही, तिच्याकडे बघत होते. जणू तिला काही देत होते.

मग पोलीस तिच्याजवळ आला आणि खुर्ची ओढून बसला.

"डॉक्टर म्हणतात, ते बराच वेळ अडकून होते, बाई. पण तुमचा फोन शर्यत संपता संपता आला. मधल्या वेळात तुम्ही काय केलंत?"

तिने खरं सांगितलं तर तो पुढे विचारणार, कुणाकुणाची दारं ठोकलीत? आणि कुणीच का उघडलं नाही? एवढ्या घरांनी एका वेळी दार का उघडू नये, याचं उत्तर शेवटी त्या वाळूखालीच जाऊन पोचणार. तिने फिर्मिनकडे पाहिलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता. सगळेच आपापल्या बुटांकडे बघत होते.

"त्याच्याजवळ बसले होते," ती म्हणाली.

"शेजाऱ्यांना हाक नाही मारलीत?"

"नाही."

"कुणालाच नाही?"

"कुणालाच नाही."

पोलीस तिच्याकडे बघत राहिला. त्याला तिची कीव आली असावी, आणि किवेच्या आड दुसरंही काहीतरी. ते दुसरं काय ते लिओनीला पुढच्या दिवसांत दुकानात, चर्चमध्ये, शाळेच्या स्वयंपाकघरात दिसत राहिलं. गल्लीबाहेरच्या माणसांच्या डोळ्यांत. तिने तिकडे बघायचं सोडून दिलं.

गल्लीने शब्द पाळला. टाकी बसली, पाइपाला उतार जरा जास्तच ठेवला गेला, दार रुंद झालं. कुणी एक फ्रँक घेतला नाही. इव्हेट रोज सूप आणून द्यायची आणि लिओनी ते संडासात ओतायची. मे महिन्यात कात्रीन घरी आली. अंत्यविधीला ती चाकांच्या खुर्चीवरून आली होती, तेव्हा आईशी फारसं बोलली नव्हती. घरी आल्यावरही बोलत नव्हती. आईने पोलिसांना काय सांगितलं, ते घेंटला तिच्या खोलीत कुणीतरी सांगून गेलेलं होतं.

पहिल्या शनिवारी फिर्मिन हात धुवायच्या बेसिनचा नळ लावायला आला. लिओनी टॉवेल ठेवायला आत गेली. कात्रीन खुर्ची ढकलत दारात आली. रुंद दारातून खुर्ची सहज आली, कुठेही लागली नाही. तिने नव्या फरशांकडे पाहिलं, मग आईकडे.

"एकदाच विचारते," ती म्हणाली. "बाबा खाली होते. तू शेजारी का नाही गेलीस? फिर्मिनकाका भिंतीपलीकडे होते, आई. तू त्यांना एक हाक का नाही मारलीस?"

लिओनीच्या हातात टॉवेल होते. तिने फिर्मिनच्या पाठीकडे पाहिलं. तो बेसिनखाली वाकलेला होता आणि त्याचा पाना थांबला होता. ती थांबली. फार वेळ थांबली. त्याने एक शब्द म्हटला असता तरी तिने जन्मभर त्याचे पाय धरले असते.

फिर्मिन उठला. त्याने कुणाकडेही न बघता नळ पूर्ण सोडला. पाणी चांगलं जोराने, मोठा आवाज करत येत होतं.